मासेमारीच्या होडीसाठी सौर पॅनेलची निवड

लातूर-नांदेड परिसरातील जलाशयांचा विषय निघाला म्हणजे सिंचन आणि पिण्याचे पाणी या दोनच गोष्टी प्रथम मनात येतात. परंतु धनेगावचे मांजरा धरण, उदगीर तालुक्यातील तिरू, निलंगा तालुक्यातील मसलगा, कंधार तालुक्यातील बारूळचा निम्न मानार प्रकल्प, लोहा तालुक्यातील लिंबोटी, नांदेडनजीकचा गोदावरीवरील विष्णुपुरी बंधारा, या सर्व ठिकाणी पाण्याच्या काठी राहणाऱ्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ कटला, रोहू, मृगळ यांसारख्या मासळीवर चालतो. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मच्छीमाराच्या होडीचा विचार आता शेतकऱ्याच्या अवजाराच्या विचाराइतकाच विस्तार कार्यकर्त्याच्या कक्षेत येतो.

या जलाशयांवर छोट्या होड्या बहुधा वल्ह्यांनी चालविल्या जातात. कित्येक ठिकाणी होडीऐवजी थर्मोकोलचा तराफाच असतो. अलीकडे बॅटरीवर चालणारे लहान विद्युत् इंजिन बाजारात मिळू लागल्याने आणि शेतोशेती सौर पंप दिसू लागल्याने, 'होडीवर सोलर प्लेट बसविली तर वल्ही मारावी लागणार नाहीत' हा विचार मच्छीमारांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विचार योग्य आहे. मात्र पॅनेल कोणते घ्यावे हा प्रश्न दुकानात जाण्यापूर्वी सोडवावयाचा आहे, दुकानात गेल्यावर नव्हे. चुकीचे पॅनेल शेतात बसले तर पाणी कमी निघेल, एवढेच. चुकीचे पॅनेल होडीवर बसले तर होडी उलटू शकते.

होडी केव्हा चालते?

पॅनेलच्या निवडीस आरंभ पॅनेलपासून न करता होडीच्या दिनक्रमापासून करावा. जलाशयातील मच्छीमार साधारणपणे सायंकाळी जाळी लावतो आणि पहाटे ती उचलतो. म्हणजे होडीला ज्या दोन वेळी शक्ती हवी असते, त्या दोन्ही वेळी सूर्य एकतर मावळलेला असतो किंवा उगवावयाचा असतो. दिवसभर होडी काठाला बांधलेली असते. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, पॅनेल थेट इंजिनास जोडून या धंद्यात काही उपयोग नाही. मध्ये बॅटरी अपरिहार्य आहे, आणि ती सायंकाळची व त्यापुढील पहाटेची अशा दोन्ही फेऱ्या मध्ये भारण न करता पुरवू शकेल एवढी मोठी असली पाहिजे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची असून ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सूर्यप्रकाश असताना होडी जर काठावरच असते, तर पॅनेलही काठावर का असू नये? या प्रश्नाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

पॅनेल होडीवरच बसविलेल्या ज्या नौकांची नावे ऐकू येतात, त्यांची रचना निराळी असते. केरळमध्ये वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' नावाची सौर प्रवासी नौका चालते. तीत ७५ प्रवासी बसतात, तिची लांबी २० मीटर व रुंदी ७ मीटर असून छपरावर २० किलोवॅट क्षमतेची पॅनेल आहेत. ही नौका दोन समांतर तळांची असल्यामुळे रुंद आहे, सहजासहजी कलत नाही, आणि ती भर दिवसा फेऱ्या मारते. 'तुरानोर' या ३१ मीटर लांबीच्या सौर नौकेने २०१० ते २०१२ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा तिच्यावर सुमारे ५३७ चौरस मीटर पॅनेल पसरलेली होती. पाच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशा जाळ्याच्या होडीला या नौकांचे उदाहरण जसेच्या तसे लागू होत नाही.

शक्तीचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा, फायबरची पाच मीटर लांबीची होडी आहे. तीत दोन माणसे, जाळी व मासळी धरून साडेतीनशे ते चारशे किलो वजन आहे. जाळ्यांची जागा काठापासून दीड किलोमीटरवर आहे. सायंकाळी तीन व पहाटे तीन, असे एकूण सहा किलोमीटर अंतर कापावयाचे आहे. ताशी चार किलोमीटर वेगाने जावयाचे असल्यास अशा होडीच्या विद्युत् इंजिनास सुमारे ३०० वॅट शक्ती लागते असे धरावे. सहा किलोमीटरास दीड तास लागेल, म्हणजे ४५० वॅट-तास खर्च होतील. दिवा व मोबाइल यांस ३० वॅट-तास धरावेत. समोरचा वारा, शेवाळ, इंजिनाच्या पात्यात अडकणारी वनस्पती यांसाठी आणखी चतुर्थांश वाढ करावी. बेरीज ६०० वॅट-तासांच्या घरात जाते.

आता वेगाविषयी. होडीचा वेग दुप्पट करावयाचा असल्यास शक्ती दुप्पट लागेल अशी समजूत असते. ती चुकीची आहे. पाण्याचा विरोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो व स्थूलमानाने वेग दुप्पट केल्यास शक्ती आठपट लागते. वरील होडी ताशी आठ किलोमीटर वेगाने न्यावयाची तर ३०० वॅटऐवजी २,४०० वॅट लागतील. वेळ निम्मा लागेल हे खरे, पण तेच अंतर कापण्यास ४५० वॅट-तासांऐवजी १,८०० वॅट-तास खर्ची पडतील. अर्ध्यापाऊण तासाच्या बचतीसाठी चौपट पॅनेल व चौपट बॅटरी विकत घ्यावी लागेल. मोटारसायकलच्या सवयीने होडीचा वेग ठरविणाऱ्या तरुण सभासदांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

दुसरा हिशेब पॅनेलचा. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतील ठराविक प्रकाशात आणि घटांचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मिळणारे वॅट होत. लातूरच्या भागात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे पाच तास पूर्ण प्रकाशाइतकी शक्ती मिळते असे धरण्यास हरकत नाही. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसाठी साडेतीन तास धरावेत. त्यातून उष्णता, धूळ, तारा आणि बॅटरीचे भारण यांत जाणारी तूट वजा केली म्हणजे दहा भागांपैकी सुमारे सात भाग हाती राहतात. म्हणून ६०० वॅट-तासांसाठी कोरड्या दिवसांत १७० वॅटच्या जवळपास व पावसाळ्यात २४५ वॅटच्या जवळपास पॅनेल लागते. मासळीचा मुख्य हंगाम पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असताना असतो. तरीही २५० वॅट धरून चालावे. मोजून कपडा बेतला म्हणजे अंगात बसतो, तरी शिंप्याला थोडी माया ठेवावी लागतेच.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्यक्ष खरेदीपूर्वी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने मच्छीमार संस्थेच्या सभासदांकडून आठ दिवसांची नोंदवही ठेवून घ्यावी: जाळी किती दूर होती, फेरी किती वाजता सुरू झाली व संपली, वारा कोणत्या बाजूचा होता. चार ओळींची ही नोंद विक्रेत्याच्या रंगीत पत्रकाहून अधिक उपयोगी पडते.

पॅनेल होडीवर की काठावर?

होडीवर २५० वॅट बसवावयाचे म्हणजे प्रत्येकी १२५ वॅटची दोन पॅनेल घ्यावी लागतील. एकेकाचे क्षेत्रफळ सुमारे एक चौरस मीटर आणि वजन दहा किलोच्या आसपास असते. वजन जड नाही. अडचण जागेची आणि वाऱ्याची आहे. जाळे होडीच्या कडेवरून ओढून आत घेतले जाते. त्यासाठी माणसाला उभे राहून वाकावे लागते व जाळे पसरावयास जागा लागते. पॅनेल डोक्यावर मांडव घालून बसविल्यास मांडवाचे खांब जाळ्यात अडकतात, आणि होडीचा भार वर गेल्याने ती लवकर कलते. शिवाय चैत्र-वैशाखात वळवाच्या आधी उठणारे वादळ कोणासही सांगून येत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात अडीच चौरस मीटरच्या पृष्ठभागावर, तो वाऱ्यासमोर पूर्ण आला तर, ४० किलोहून अधिक रेटा पडतो. उंचावर लागलेला हा रेटा लहान होडी उलथविण्यास पुरेसा आहे. होडी उलटल्याच्या दुर्घटनेत नुकसान पॅनेलचे नसते.

यास्तव एकतळी, अरुंद जाळ्याच्या होडीवर मांडव घालून पॅनेल बसवू नये, असेच स्पष्ट सांगावे लागते. फार तर होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढील टोकावर, काठाच्या पातळीत सपाट बसेल असे एक ४० ते ५० वॅटचे पॅनेल दिवा व मोबाइलसाठी ठेवावे. इंजिनाची मुख्य शक्ती काठावर तयार करून बॅटरीतून न्यावी. दिवसभर होडी बांधलेलीच असल्याने यात काहीच गमवावे लागत नाही. जेथे दोन तळांची रुंद नौका असेल, उदाहरणार्थ पिंजऱ्यातील मत्स्यपालनास खाद्य नेणारा तराफा किंवा दिवसा चालणारी प्रवासी नौका, तेथे छपरावर पॅनेल बसविणे योग्य ठरते.

काठावर पॅनेल ठेवण्याने निवडही सोपी होते. क्षेत्रफळाचे व वजनाचे बंधन राहत नाही, त्यामुळे लहान पॅनेलऐवजी घरांच्या छपरांसाठी मिळणारे ५४० वॅटच्या सुमाराचे मोठे पॅनेल घेता येते. त्याची दर वॅटमागे किंमत लहान पॅनेलपेक्षा बहुधा कमी पडते. असे एक पॅनेल पावसाळी हिशेबानेही दिवसाला सुमारे १,३०० वॅट-तास देते. म्हणजे वर मांडलेल्या दोन होड्यांची गरज एकाच पॅनेलवर भागते.

परंतु आपल्या भागातील काठ स्थिर नसतो, ही खरी अडचण आहे. कोकणातील खाडीचा किंवा केरळातील कायलाचा धक्का बाराही महिने पाण्याजवळ राहतो. मराठवाड्यातील जलाशयाचे पाणी मात्र पौषापासून मागे सरू लागते आणि उन्हाळ्यात काठापासून पाण्यापर्यंत गाळाचे विस्तीर्ण मैदान पसरते. ज्या मांजरा धरणावर लातूर शहर अवलंबून आहे, ते आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने शहरास पाणी आणावे लागले होते, हे सर्वांच्या स्मरणात आहे. पूर्ण संचयाच्या रेषेवर पक्के खांब रोवून पॅनेल बसविले तर माघ-फाल्गुनात बॅटरी डोक्यावर घेऊन लांबवर चालण्याची पाळी येते. त्यासाठी दोन उपाय आहेत. संस्थेकडे हातगाडी किंवा बैलगाडीचा जुना साटा असल्यास त्यावर लोखंडी चौकट करून पॅनेल बसवावे व पाण्याबरोबर गाडा पुढे सरकवावा. ५४० वॅटचे पॅनेल २७-२८ किलोचे असते, दोन माणसांना ते सहज हाताळता येते. राखणीची सोय नसेल तर पॅनेल गावात घराच्या छपरावर बसवावे आणि बॅटरीच रोज न्यावी-आणावी.

दुसऱ्या उपायात बॅटरीचे वजन निर्णायक ठरते. १०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते, आणि तिची निम्मी शक्तीच वापरावी लागते; त्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास ती लवकर निकामी होते. म्हणजे तिच्यातून जेमतेम ६०० वॅट-तास मिळतात व राखीव काहीच उरत नाही. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ११ ते १३ किलोची असून तिची सुमारे ८० टक्के शक्ती वापरता येते. तीतून १,००० वॅट-तास मिळतात आणि ४०० शिल्लक राहतात. ती महाग असते. तरीही रोज खांद्यावरून वाहून न्यावयाची असल्यास तीच घ्यावी. शिसे-आम्ल बॅटरीतील आम्ल पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात सांडण्याचा धोकाही तीत नाही.

पॅनेल पाहावे कसे?

बाजारात एकस्फटिकी, बहुस्फटिकी आणि लवचीक अशी तीन प्रकारची पॅनेल दिसतात. एकस्फटिकी पॅनेल तेवढ्याच क्षेत्रफळात अधिक वीज देते व सध्या तेच सर्वत्र मिळते. बहुस्फटिकी पॅनेल जुन्या साठ्यातील असण्याचा संभव असल्याने त्याचे वय विचारावे. लवचीक पॅनेल वजनाने अगदी हलके असल्याने होडीसाठी म्हणून ते मुद्दाम पुढे केले जाते. परंतु ते पृष्ठभागाला चिकटवून बसविल्यास खालून हवा खेळत नाही, ते फार तापते, वाकण्याने त्यातील घटांना सूक्ष्म तडे जातात आणि काचेच्या पॅनेलच्या मानाने त्याचे आयुष्य बरेच कमी ठरते. नाळेवरील लहान पॅनेलही काचेचेच असावे. मात्र त्यावर कोणी पाय देणार नाही अशी जागा निवडावी.

दोन गैरसमजांचा येथेच निरास केला पाहिजे. ऊन कडक म्हणजे वीज जास्त, हा एक. वीज प्रकाशापासून होते, उष्णतेपासून नव्हे. उष्णतेने ती घटते. मे महिन्यात दुपारी घटांचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाते, आणि २५ अंशांवरील प्रत्येक अंशामागे शेकडा ०.३५ ते ०.४ या मानाने शक्ती कमी होते. म्हणजे १०० वॅटचे पॅनेल भर दुपारी ८५ वॅटच देईल. वैशाखापेक्षा मार्गशीर्षातील निरभ्र दुपारी पॅनेल अधिक तरतरीत चालते ते यामुळे. पॅनेलखाली चार बोटे तरी मोकळी जागा ठेवण्याचे कारणही हेच. दुसरा गैरसमज असा की, पाण्यावरून उन्हाचे परावर्तन होते, म्हणून दोन्ही बाजूंनी वीज देणारे पॅनेल होडीवर दुप्पट काम करील. सूर्य डोक्यावर असताना पाणी प्रकाशाचा फारच थोडा अंश परत फेकते. डोळ्यांना दिपविणारी चकाकी सकाळी व सायंकाळी तिरप्या उन्हात दिसते, आणि त्यावेळी एकूण प्रकाशच कमी असतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

पॅनेलच्या पाठीवरील पट्टी वाचण्याची सवय कार्यकर्त्याने लावून घ्यावी. वॅटखेरीज तीवर कार्यकारी व्होल्ट व अँपिअर, तसेच जोडणी न करता मिळणारे सर्वाधिक व्होल्ट दिलेले असतात. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरण्यास साडेचौदा व्होल्टच्या आसपास दाब लागतो. ३६ घटांच्या पॅनेलचे कार्यकारी व्होल्ट १८ च्या सुमारास असतात, आणि उन्हाने तापल्यावर ते साडेपंधरापर्यंत उतरले तरी बॅटरी भरते. घट कमी असलेले स्वस्त पॅनेल हिवाळ्यात बॅटरी भरील व उन्हाळ्यात हात वर करील. म्हणून घट बोटाने मोजावेत. नव्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये घट मधोमध कापलेले असल्याने ३६ ऐवजी ७२ अर्धे घट दिसतील, ते तितकेच होत.

मोठ्या ५४० वॅटच्या पॅनेलचे कार्यकारी व्होल्ट ४१ च्या सुमारास व अँपिअर १३ असतात. ते आणि बॅटरी यांच्यामध्ये साधा, पी.डब्ल्यू.एम. पद्धतीचा चार्ज कंट्रोलर बसविल्यास तो केवळ १३ अँपिअर पुढे जाऊ देतो, आणि बॅटरी १३ व्होल्टवर असता मिळतात अवघे १६९ वॅट. ५४० वॅटचे पैसे मोजून दोन-तृतीयांशांहून अधिक वीज वाया! अशा पॅनेलास एम.पी.पी.टी. पद्धतीचा कंट्रोलर आवश्यक आहे. तो जादा व्होल्टचे रूपांतर अँपिअरमध्ये करतो. हा कंट्रोलर ४० ते ५० अँपिअरचा असावा व त्याची आत घेण्याची मर्यादा १०० व्होल्टची असावी, कारण थंड सकाळी या पॅनेलचे सर्वाधिक व्होल्ट पन्नाशी ओलांडतात. ३६ घटांच्या लहान पॅनेलास मात्र साधा कंट्रोलर पुरतो. पॅनेल चांगले असूनही बॅटरी भरत नाही अशी तक्रार आल्यास पहिली तपासणी या जोडीची करावी.

सावली ही दुसरी पारख. पॅनेलमधील घट एकामागे एक साखळीने जोडलेले असतात. एका घटावर खांबाची, वल्ह्याची किंवा बसलेल्या बगळ्याची सावली पडली तरी साखळीचा तो भाग बंद पडतो. ३६ घटांच्या पॅनेलात बहुधा दोन भाग असतात. एक भाग बंद पडल्यास १८ चे ९ व्होल्ट उरतात आणि १२ व्होल्टची बॅटरी मुळीच भरत नाही. निम्मी वीज तरी मिळेल असे मानणारा येथे फसतो. ज्या नौकेवर सावली टाळता येणार नाही, तेथे एका मोठ्या पॅनेलऐवजी दोन लहान पॅनेल समांतर जोडावीत, म्हणजे एक थांबले तरी दुसरे चालते. पक्ष्यांच्या विष्ठेचा डागही सावलीसारखाच बाधतो. पॅनेल सकाळी थंड असताना ओल्या कापडाने पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

पॅनेलवर भारतीय मानक ब्यूरोची आय. एस. १४२८६ ही खूण असल्याची खात्री करून घ्यावी. मानक चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाची बर्फाची गोळी सेकंदाला २३ मीटर वेगाने काचेवर मारून पाहतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात झालेल्या गारपिटीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या चाचणीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. त्याहून मोठ्या गारांची हमी मात्र कोणतीही खूण देत नाही; गारांची चिन्हे दिसताच गाड्यावरील पॅनेल गोधडीने झाकावे. आपल्या जलाशयांचे पाणी गोडे असल्याने समुद्रावरील होड्यांसारखा क्षाराचा गंज येथे नाही, तरी नट-बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचेच घ्यावेत. पॅनेल कोणत्या कोनात ठेवावे याची फार चिंता नको. लातूरचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या आसपास आहे; दक्षिणेकडे तेवढा उतार दिल्यास उत्तम, सपाट ठेवल्यास वर्षाच्या उत्पन्नात थोडी घट येते, आणि धूळ जरा अधिक साचते.

विकत घेताना पॅनेल दुकानाबाहेर दुपारच्या उन्हात ठेवून मल्टिमीटरने तपासावे. न जोडता मिळणारे व्होल्ट पट्टीवरील आकड्याहून किंचित कमी, आणि टोके क्षणभर जुळवून मिळणारे अँपिअर निरभ्र उन्हात पट्टीवरील आकड्याच्या जवळपास यावेत. ही अँपिअरची तपासणी फक्त सुट्या पॅनेलवर व मीटरच्या मर्यादेत करावयाची आहे. बॅटरीवर तसे कदापि करू नये.

पंपाची पॅनेल होडीला नकोत

सौर कृषिपंपाची पॅनेल उन्हाळ्यात विहीर आटली की रिकामी पडतात, तीच काढून होडीला लावावीत, असा सल्ला कोणी तरी देतोच. तो मानू नये. एक तर ही पॅनेल योजनेतून अनुदानावर व हमीसह मिळालेली असतात, ती जागेवरून हलविल्यास हमी व विमा दोन्ही धोक्यात येतात. दुसरे व मुख्य कारण जिवाचे आहे. पंपासाठी अनेक पॅनेल साखळीने जोडून एकंदर दाब शेकडो व्होल्टपर्यंत नेलेला असतो. ऊन असेपर्यंत तो दाब बटण बंद करूनही तारांमध्ये राहतो. ओल्या होडीत, ओल्या हातांनी अशी तार हाताळणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. होडीवरील सर्व जोडणी १२ किंवा २४ व्होल्टचीच असावी. कमी व्होल्टमुळे अँपिअर वाढतात, त्यासाठी बॅटरी ते इंजिन ही तार जाड, १६ चौरस मिलिमीटर तांब्याची व शक्य तितकी आखूड असावी, आणि बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर योग्य अँपिअरचा फ्यूज असावा.

पैशाची बाजू

येथे विक्रेते एक हिशेब हमखास मांडतात: इंधनाची बचत. ज्या संस्थेच्या होडीला आज पेट्रोलचे इंजिन आहे, तिला हा हिशेब लागू पडतो, आणि पिण्याच्या जलाशयावर तेलाचा तवंग येत नाही हा लाभही जोडीला मिळतो. परंतु वल्ह्यांवरील होडीला इंधनाचा खर्च मुळातच नाही. बचत कशाची करणार? तेथे लाभ शोधावयाचा तो वेळेत व श्रमात. पहाटेची मासळी एक तास आधी काठावर आली तर ती ताजी राहते, आणि सकाळच्या बाजारात दर टिकून राहतो. वयस्क सभासदास दूरची जाळी सोडून द्यावी लागत नाही. या गोष्टींतून वर्षाला प्रत्यक्ष किती रुपये अधिक येतील ते संस्थेने आपल्याच वजनकाट्याच्या वहीवरून काढावे, आणि पाणी वर्षातील किती महिने टिकते त्या महिन्यांनीच गुणावे. जो जलाशय फाल्गुनात तळ गाठतो, त्यावरील होडीसाठी कर्ज काढून संच घेऊ नये. आधी संस्थेच्या एकाच होडीवर एक हंगाम पाहावा. जलाशयावर यांत्रिक साधन आणण्यापूर्वी जलसंपदा व मत्स्यव्यवसाय विभागांच्या स्थानिक कार्यालयांत विचारणा करावी. इंजिन बसले तरी वल्ही होडीतच ठेवावीत, आणि प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट असावे.

पाणी आटल्यावर होडी काठावर उपडी पडते, तेव्हा पॅनेल व बॅटरी मात्र उपडी पडू देऊ नयेत. तेच पॅनेल उन्हाळ्यात घरचा दिवा, पंखा किंवा बॅटरीवरील फवारणी पंपाचे भारण यांस वापरता येते. वापर नसल्यास लिथियम बॅटरी निम्मी भरून, सावलीत, पत्र्याच्या छपरापासून दूर ठेवावी. शिसे-आम्ल बॅटरी मात्र पूर्ण भरून ठेवावी व महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. तिच्या घटांतील पाण्याची पातळी पाहून फक्त ऊर्ध्वपातित पाणीच घालावे.